अमेरिकेतल्या बंदूक वादात कुणाला काय म्हणायचं? मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत शाळेत किंवा बाजारात गोळीबार झाला की आपल्याकडे ‘बंदूकविरोधी गट पुन्हा आक्रमक’ अशा धाटणीचं वाक्य वाचायला मिळतं. त्या गटांत कोण असतं ते जरा पाहा. मूल गमावलेले आईबाप असतात, निवृत्त सैनिक आणि पोलीस असतात, दर हंगामात शिकारीला जाणारे असतात. अनेकांच्या घरी स्वतःची बंदूक असते. त्यांतल्या कितीतरी जणांचं म्हणणं एवढंच असतं की विकण्याआधी घेणारा कोण आहे ते तपासा. अशा माणसाला ‘बंदूकविरोधी’ म्हटलं की त्याच्यावर अन्याय होतोच, शिवाय सातारा-नागपूरच्या वाचकाला एका मोठ्या देशाचं खोटं चित्र मिळतं.

हा लेख बातमी लिहिणाऱ्यांसाठी, भाषांतर करणाऱ्यांसाठी आणि अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या अंकांत या विषयावर लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. नियम मी एकच मानतो: नाव आधी मागणीला द्यायचं, माणसाला नंतर. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

पहिली पायरी: आपल्या कानाला काय ऐकू येतं ते ओळखा

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बाळगणं ही परवान्याची गोष्ट आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे जातो, ‘जिवाला धोका’ किंवा ‘पीकसंरक्षण’ असं कारण द्यावं लागतं, चौकशी होते, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. निवडणूक लागली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. थोडक्यात, बंदुकीवर सरकारचं नियंत्रण असतं हे आपण गृहीतच धरतो. त्यावरून आपल्याकडे दोन तट पडलेले नाहीत.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथल्या राज्यघटनेत १७९१ साली आलेली दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्काबद्दल बोलते. २००८ साली ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. मात्र हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे. न्यूयॉर्कमध्ये बाहेर पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी आपल्यासारखंच विशेष कारण दाखवावं लागे. ती अट २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालाने घटनाबाह्य ठरवली. तिथे हक्क आधी असतो आणि नियंत्रण मागून येतं, त्यामुळे नियंत्रण मागणारा एक ‘पक्ष’ होतो. त्याला नाव लागतं ते म्हणून.

आपल्या कानातले काही शब्द या कामाला मुळीच चालत नाहीत. ‘शस्त्रबंदी’ म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाला सणासुदीच्या किंवा मोर्चाच्या आधी निघणारा पोलिसांचा मनाई आदेश आठवतो: काही दिवसांपुरता, आणि त्यात काठ्या-तलवारीही आल्या. ‘निःशस्त्रीकरण’ हा देशादेशांमधल्या करारांचा शब्द आहे. ‘बेकायदा शस्त्रांविरोधातली मोहीम’ म्हटलं तर डोळ्यांसमोर गावठी कट्टा येतो. अमेरिकेतला वाद मात्र मुख्यतः दुकानातून कायदेशीर विकत घेतलेल्या बंदुकांचा आहे.

‘बंदूक’ या शब्दाचंही तसंच. आपल्याला त्यात लांब नळीची बंदूक दिसते, पण तिथल्या खुनांत सर्वाधिक वापर पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा होतो. सरसकट उल्लेखाला ‘बंदूक’ चालेल. कायद्याचा तपशील सांगताना मात्र पिस्तूल, रायफल, शॉटगन असा फरक करा.

दुसरी पायरी: मागणी नेमकी कोणती, ते कागदावर उतरवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. ‘गन कंट्रोल’ (बंदूक नियंत्रण) या एका छत्राखाली अगदी वेगवेगळ्या मागण्या उभ्या असतात, आणि एकीचा समर्थक दुसरीला कडाडून विरोध करू शकतो.

सर्वांत सौम्य आणि सर्वांत जास्त पाठिंब्याची मागणी पार्श्वभूमी तपासणीची, म्हणजे विकण्याआधी घेणाऱ्याचा पूर्वेतिहास पाहण्याची. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदारावर ही तपासणी बंधनकारक झाली आणि १९९८ पासून ती एफबीआयच्या संगणकीय यंत्रणेतून होते. पण जो धंदेवाईक विक्रेता नाही अशा खासगी माणसाने दुसऱ्याला बंदूक विकली, तर केंद्रीय कायद्याने तपासणीची सक्ती नाही. काही राज्यांनी ती स्वतःहून केली आहे. ‘प्रत्येक विक्रीआधी तपासणी हवी’ ही मागणी या फटीतून आली. बंदूक बाळगणाऱ्यांपैकीही बहुसंख्य लोक तिच्या बाजूचे आहेत, असं सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसतं.

मग ‘रेड फ्लॅग’ कायदे. एखादा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी चिन्हं दिसली, तर न्यायालयाच्या आदेशाने त्याच्या बंदुका काही काळ काढून घ्यायच्या. कनेटिकटने हे १९९९ मध्ये सुरू केलं. फ्लोरिडात २०१८ साली पार्कलंडच्या शाळेत १७ जणांची हत्या झाल्यानंतर असाच कायदा आला आणि त्यावर सही होती रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांची.

वयाची मागणी समजायला सोपी आहे. केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, रायफल मात्र १८ व्या वर्षी मिळते. ती मर्यादाही २१ करा असं म्हणणारे आहेत. लहान मुलं असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवणं बंधनकारक करा, ही आणखी एक मागणी.

यापुढे वाद तापतो. ठरावीक प्रकारच्या अर्धस्वयंचलित (दर वेळी चाप ओढल्यावर एक गोळी सुटते, पण पुढची आपोआप भरली जाते अशा) रायफलींवर आणि दहापेक्षा जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनवर, म्हणजे गोळ्यांच्या डबीवर, बंदी घाला, असं एक मोठा गट म्हणतो. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं केंद्रीय पातळीवर अशी बंदी होतीही. याच रायफलींना एक बाजू ‘असॉल्ट वेपन’ (हल्ल्याचं शस्त्र) म्हणते आणि दुसऱ्या बाजूला तो शब्दच मान्य नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आपल्या बातमीदारांना तो शब्द टाळून ‘अर्धस्वयंचलित रायफल’ लिहायला सांगते. मराठीत ‘प्राणघातक रायफल’ वगैरे लिहिण्यापेक्षा तेच बरं.

शेवटी पिस्तुलांवर पूर्ण बंदी. वॉशिंग्टन शहरात ती १९७६ पासून आणि शिकागोत १९८२ पासून होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ आणि २०१० च्या निकालांनी दोन्ही मोडीत निघाल्या. ही मागणी करणारे आजही आहेत, पण चळवळीच्या मुख्य प्रवाहात ती नाही.

ज्यांच्याबद्दल लिहिताय ते यांपैकी काय मागतात, एवढं एका ओळीत लिहून काढा. ते जमत नसेल तर नाव ठरवायची वेळ अजून आलेली नाही. मूळ बातमी पुन्हा वाचा.

तिसरी पायरी: नावांचा इतिहास जाणून घ्या

या चळवळीने स्वतःची नावं वारंवार बदलली आहेत. १९७४ साली स्थापन झालेल्या एका संघटनेचं नाव होतं ‘नॅशनल कौन्सिल टू कंट्रोल हँडगन्स’. पुढे ती ‘हँडगन कंट्रोल’ झाली. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावरच्या हल्ल्यात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले आणि त्यांच्या पत्नी सारा या संघटनेचा चेहरा बनल्या. २००१ मध्ये तिचं नाव झालं ‘ब्रेडी कँपेन टू प्रिव्हेंट गन व्हायलन्स’. ‘नियंत्रण’ गेलं, ‘हिंसाचार रोखणं’ आलं. १९७४ च्याच आणखी एका संघटनेच्या नावात सरळ पिस्तूलबंदीचा उल्लेख होता. तिनेही पुढे तो काढून ‘कोअ‍ॅलिशन टू स्टॉप गन व्हायलन्स’ हे नाव घेतलं.

डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर शॅनन वॉट्स यांनी सुरू केलेल्या मातांच्या गटाच्या पहिल्या नावात ‘गन कंट्रोल’ होतं. काही आठवड्यांतच ते जाऊन ‘गन सेन्स’ (बंदुकीबाबत शहाणपण) आलं. २०१४ मध्ये हा गट आणि महापौरांची एक संघटना मिळून ‘एव्हरीटाउन फॉर गन सेफ्टी’ उभी राहिली.

हे बदल उगाच झालेले नाहीत. ‘कंट्रोल’ म्हटलं की सरकार घरात घुसून बंदुका उचलणार, असा अर्थ विरोधकांनी लोकांच्या मनात पक्का बसवला होता. चळवळीला त्या शब्दातून सुटायचं होतं. म्हणजे ‘गन कंट्रोल’ हे विरोधकांच्या तोंडचं नाव झालं आहे आणि ‘गन सेफ्टी’ हे समर्थकांनी स्वतः घेतलेलं. लिहिणाऱ्याने दोन्ही डोळे झाकून उचलू नयेत.

जुन्या काळाबद्दल लिहिताना मात्र ‘नियंत्रण’ बिनदिक्कत वापरा. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर आलेल्या १९६८ च्या कायद्याचं नावच ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’ आहे. आजचे तट त्या काळावर लादू नका. १९३४ च्या केंद्रीय कायद्यावेळी नॅशनल रायफल असोसिएशन (एनआरए) या बंदूकधारकांच्या बड्या संघटनेच्या अध्यक्षांनीच काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, सांगितलं होतं की सरसकट सगळ्यांनी बंदूक घेऊन हिंडणं आपल्याला पटत नाही. कॅलिफोर्नियात १९६७ साली भरलेल्या बंदुका घेऊन उघड फिरण्यावर निर्बंध आणणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, आणि त्या वेळी रोख होता ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय संघटनेच्या सशस्त्र गस्तींवर. एनआरएची आजची कडवी भूमिका प्रामुख्याने १९७७ च्या अंतर्गत सत्तांतरानंतरची आहे.

चौथी पायरी: उमेदवार नावं मराठीत म्हणून पाहा

‘बंदूकविरोधी’ बाद. हे नाव मागणीबद्दल काहीच सांगत नाही आणि बंदूक बाळगणाऱ्या समर्थकांना परस्पर वगळतं.

‘बंदूकबंदी समर्थक’ फक्त तेव्हाच, जेव्हा मागणी खरोखर बंदीची आहे. तेव्हाही बंदी कशावर, ते त्याच वाक्यात हवं.

‘बंदूक सुरक्षा’ तर मराठीत उलटंच वाजतं. बंदुकांना सुरक्षा द्यायची आहे की काय, असं वाटतं. इंग्रजीतही ‘गन सेफ्टी’वर आधीचा हक्क नेमबाजी शिकवणाऱ्यांचा आहे: नळी कुणाकडे रोखू नका, चालवायची नसेल तेव्हा बोट चापावर ठेवू नका, हे ते धडे, आणि ते देण्यात एनआरए कित्येक दशकं आघाडीवर आहे. संघटनेच्या नावात असेल तेवढं ठेवा, वर्णन म्हणून नको.

‘बंदूक हिंसाचार प्रतिबंध’ हे जड असलं तरी एका बाबतीत नेमकं आहे. जे लोक वस्त्यांमध्ये टोळ्यांतल्या पोरांशी बोलून सूडाचे गोळीबार थांबवतात, रुग्णालयात जखमींना गाठून समुपदेशन करतात, त्यांचं काम कायद्याचं नसतंच. त्यांच्यासाठी ‘बंदुकीने होणारा हिंसाचार रोखण्यासाठी काम करणारे’ असं मोकळं लिहा. एरवी हे नाव सरसकट वापरायला मी तयार नाही, कारण हिंसाचार थांबावा असं दुसऱ्या बाजूलाही वाटतं.

‘बंदूक नियंत्रण समर्थक’ वाईट नाही. वाचकाला विषय लगेच कळतो. पण समर्थक स्वतः ते नाव आता घेत नाहीत, त्यामुळे ते शीर्षकापुरतं किंवा इतिहासापुरतं ठेवावं.

माझी निवड ‘कडक बंदूक कायद्यांचे समर्थक’ ही आहे. कायदे आज आहेत, ते अधिक कडक हवेत, एवढंच ते सांगतं. हेतू चिकटवत नाही. ‘कठोर’ नको, त्यात शिक्षेचा सूर येतो. ‘जाचक’ तर विरोधकांचाच शब्द. आणि जागा असेल तर याहून चांगलं म्हणजे मागणीच लिहिणं: ‘प्रत्येक बंदूक विक्रीआधी तपासणी मागणारे’.

प्रत्ययांवरही नजर ठेवा. मराठीत खरा पक्षपात शेपटाला चिकटून येतो. ‘नियंत्रणवादी’ म्हटलं की मागणीची विचारसरणी होते. ‘धार्जिणे’ म्हटलं की लाचारी येते, ‘प्रेमी’त छंद येतो आणि ‘वेडे’ ही सरळ शिवी आहे. ‘समर्थक’, ‘पुरस्कर्ते’, ‘बाजूचे’ हे तीन पुरेसे आहेत.

पाचवी पायरी: दुसऱ्या बाजूला तोच न्याय लावा

एका बाजूला ‘समर्थक’ आणि दुसऱ्या बाजूला ‘बंदूकप्रेमी’ असं लिहिलं, की तुम्ही कुणाच्या बाजूचे ते वाचकाला कळलंच. त्यांच्यासाठी ‘बंदूक बाळगण्याच्या हक्काचे समर्थक’ लिहा. ‘बंदूक लॉबी’ हा शब्द एनआरएसारख्या, खासदारांवर दबाव आणणाऱ्या संघटनांपुरता राखून ठेवा. टेक्ससमधल्या शेतावर रायफल बाळगणारी बाई म्हणजे लॉबी नव्हे. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या काही मराठी घरांतही स्वसंरक्षणासाठी पिस्तूल आलं आहे, आणि त्याच घरांतली मुलं शाळेत गोळीबार झाला तर वर्गात कसं लपायचं याचा सराव करतात. एका घरात दोन्ही मतं असतात.

गर्भपाताच्या वादात असोसिएटेड प्रेसने असाच मार्ग काढला: दोन्ही बाजूंची लाडकी नावं बाजूला ठेवून एकीला ‘गर्भपातविरोधी’ आणि दुसरीला ‘गर्भपात हक्क’ या अर्थाचे शब्द. बंदुकीच्या वादात ‘हक्क’ आणि ‘कडक कायदे’ ही जोडी साधारण तशीच उभी राहते.

सहावी पायरी: व्यक्ती आणि संघटना वेगळ्या हाताळा

संघटनेचं नाव जसं आहे तसं देवनागरीत लिहा आणि पुढे अर्ध्या ओळीत ती काय मागते ते सांगा. नावाचं भाषांतर करू नका. विरोधक त्यांना ‘बंदुका हिसकावणारे’ म्हणत असतील तर ते अवतरणात आणि बोलणाऱ्याच्या नावासह येऊ द्या.

व्यक्तीला लेबल लावताना गॅब्रिएल गिफर्ड्स यांचं उदाहरण समोर ठेवा. या अ‍ॅरिझोनाच्या माजी खासदार. २००८ च्या हेलर खटल्यात वॉशिंग्टनच्या पिस्तूलबंदीविरोधात, म्हणजे हक्काच्या बाजूने, खासदारांनी न्यायालयात दिलेल्या निवेदनावर त्यांची सही होती. जानेवारी २०११ मध्ये टूसॉनला मतदारांना भेटत असताना त्यांच्या डोक्यात गोळी झाडली गेली. सहा जण मेले, त्या वाचल्या. २०१३ मध्ये पती मार्क केली यांच्यासह त्यांनी कडक कायद्यांसाठी संघटना काढली, आणि तेव्हाही दोघांनी आपल्याकडे बंदुका असल्याचं उघड सांगितलं. यांना एका शब्दात काय म्हणाल? म्हणू नका. त्यांनी काय केलं ते लिहा.

सातवी पायरी: प्रत्यक्ष परिच्छेद दुरुस्त करा

मे २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. महिन्याभरात काँग्रेसने एक कायदा केला. त्यावरची बातमी अशी लिहिली गेली आहे समजा:

‘शस्त्रबंदी समर्थक डेमोक्रॅट्सनी बंदूकप्रेमी रिपब्लिकनांवर मात करत बंदूकबंदी विधेयक मंजूर करून घेतलं.’

यात जवळजवळ प्रत्येक शब्द चुकलाय. कायद्याने एकाही प्रकारच्या बंदुकीवर बंदी घातली नाही. सिनेटमध्ये तो ६५ विरुद्ध ३३ मतांनी मंजूर झाला आणि बाजूने मत देणाऱ्यांत १५ रिपब्लिकन होते. वाटाघाटींत डेमोक्रॅट ख्रिस मर्फी यांच्यासोबत रिपब्लिकन जॉन कॉर्निन आघाडीवर होते. कायद्याच्या नावात तर बंदुकीचा उल्लेखही नाही, ‘सुरक्षित वस्त्या’ असा भाव आहे. आता असं लिहून पाहा:

‘२१ वर्षांखालील तरुणांना बंदूक विकण्यापूर्वी अधिक कसून तपासणी करणारं आणि रेड फ्लॅग कायद्यांसाठी राज्यांना निधी देणारं विधेयक सिनेटने ६५–३३ मतांनी मंजूर केलं. १५ रिपब्लिकन सदस्यांनी बाजूने मतदान केलं. कडक बंदूक कायद्यांच्या समर्थकांनी स्वागत केलं. नॅशनल रायफल असोसिएशनने विरोध केला.’

शीर्षकाला जागा कमी पडली तर ‘बंदूक खरेदीची तपासणी कडक, विधेयक मंजूर’ एवढं पुरतं. यात कुणाचं लेबलच लागत नाही, आणि बहुतेक शीर्षकांत ते लागतही नाही.

आठवी पायरी: आकडा देताना लेबल सैल पडू देऊ नका

‘इतके टक्के अमेरिकन बंदूक नियंत्रणाच्या बाजूने’ असं लिहिण्याआधी प्रश्न काय विचारला होता ते पाहा. गॅलप संस्था विचारते की बंदूक विक्रीचे कायदे अधिक कडक करावेत, आहेत तसे ठेवावेत, की सैल करावेत. अलीकडच्या वर्षांत ‘कडक’ म्हणणारे निम्म्याहून थोडे जास्त आहेत. पिस्तुलांवर बंदी घालावी का, हा प्रश्न तीच संस्था वेगळा विचारते, आणि तिथे ‘हो’ म्हणणारे पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या आसपासच असतात. दोन्ही आकडे एकाच लेबलाखाली टाकले तर एक तरी खोटा ठरतो.

मृत्यूंचंही तसंच. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० जण मेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. ‘बंदूक हिंसाचाराचे बळी’ लिहिलं की वाचक खूनच समजतो, म्हणून दोन्ही आकडे वेगळे द्या. घरातली बंदूक कुलपात ठेवा किंवा खचलेल्या माणसाच्या हातून ती काही दिवस दूर ठेवा, असं मागणाऱ्या कितीतरी जणांच्या डोळ्यांसमोर खुनी नसतोच. स्वतःच्या घरातलं माणूस असतं. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘आत्महत्या रोखण्यासाठी बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा मागणारे’ असंच लिहा, ओळ कितीही लांबली तरी.